पांढऱ्या कपड्यातली नोकरी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून पायाला भिंगरी. वर्गातली खुर्ची मी अजून वापरलेली नाही, आणि पोटापाण्यासाठी शिकवतो काय, तर शांत उभं राहायला.

नागपूरकडच्या शहापूरच्या पुढे, हायवेला लागून आमचं कॉलेज आहे. तिथे सहा महिन्यांचा एक कोर्स चालतो. औषधांच्या कारखान्यात स्टीलच्या मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवतात आणि त्यांच्याकडून लस, इन्सुलिन असलं काही तयार करून घेतात, ते काम शिकवायचा. फलकावरचं नाव इतकं लांबलचक आहे की गावातले लोक मला बायोगॅसवाले सर म्हणतात आणि शेणाचा भाव विचारतात. आधी मी चिडून समजावत बसायचो. आता भाव सांगून टाकतो.

या कामात अर्धं शिक्षण कपड्यांचंच. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, मास्क, चष्मा, हातमोज्यांवर आणखी हातमोजे. निर्जंतुक खोलीत भरभर चालायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही, नाक खाजलं तर खाजू द्यायचं. आमच्याकडे तशी खरी खोली नाही, जुन्या प्रयोगशाळेला प्लास्टिकचे पडदे लावून भागवलंय. मी पोरांच्या हातमोज्यांना हळद फासतो, काम करायला लावतो आणि मग सगळं उतरवायला सांगतो. ज्याच्या अंगावर पिवळा डाग तो नापास. पहिल्या आठवड्यात अख्खा वर्ग लग्नाच्या मांडवातून उठून आल्यासारखा दिसतो.

यंदा एक मुलगी मात्र पहिल्याच दिवशी कोरी निघाली. लाखांदूरकडच्या एका तलावाकाठच्या गावातली, घरी मासेमारी. लहानपणापासून ती वडिलांबरोबर जाळ्यातून मासे सोडवायची. काटेरी मांगूर मासा असला की घाईचा हात काटा खातो, एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. मला तिचा हेवा वाटला.

कोर्स संपताना हैदराबादच्या एका कंपनीनं तिघांना निवडलं. दोन पोरं बॅगा भरून गेलीसुद्धा. हिचं घोडं घरी अडलं, वडील पाठवायला तयार नव्हते. आठवड्यात हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि गावात राहिली तर दिवाळीनंतर लग्न. हे सगळं ती मला शांतपणे सांगायची. ते शांतपण मलाच सहन होईना. रविवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि तिच्या गावी गेलो.

वडील तलावाच्या मातीच्या पाळीवर जाळं सांधत बसले होते. मी उभ्या उभ्याच सुरू झालो. होस्टेल कसं आहे, मेस कशी आहे, कंपनीची बस दारात कशी येते, मुलींची वेगळी सोय कशी आहे. बोलताना येरझाऱ्या घालत होतो. ते मान खाली घालून ऐकत होते, बोटं चालूच. मुलीनं चहा आणून दिला आणि तिथंच थांबली.

मग त्यांनी हात थांबवले आणि वर पाहिलं.

"एवढं चांगलं आहे तिथं, मंग तुमी काहून वापस आले, सर?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्याच कंपनीत तीन वर्षं काढली होती, मुलीनं ते घरी सांगितलं असणार. परत आल्यावर कोणी विचारलं की आईच्या तब्येतीचं सांगायचो. आई ठणठणीत आहे, धानाच्या बांधीत माझ्यापेक्षा जास्त वेळ वाकते. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिला तेच आजारपणाचं उत्तर हवं होतं, हे मला कळत होतं. पण तो माणूस हातातलं काम सोडून बघत होता आणि माझ्या तोंडून काही केल्या ते निघेना.

"मले करमलं नाही, काका," मी म्हणालो. "आत खिडकी नसते. सगळे सारखेच दिसतात, कोणाचं तोंड दिसत नाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कपडे बदलले अन् सरळ स्टेशन गाठलं."

मुलीनं मान फिरवली. मी तिचं वाटोळं केलं असं मला वाटलं, आणि गाडीची किल्ली उगाच या हातातून त्या हातात करत राहिलो.

वडिलांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, आधी कंपनीचा माणूस येऊन गेला, तुमचे मोठे सर येऊन गेले, सगळ्यांनी चांगलंच सांगितलं.

"तुमी खरं सांगतलं. तं तुमीच तिले नेऊन सोडा. चार दिवस राहा तिथं. रडली तं घेऊन या."

वरठी स्टेशनवर ते आम्हाला सोडायला आले. गाडी हलली तेव्हा ते प्लॅटफॉर्मवर हात न हलवता उभे होते. मुलीनं खिडकीतून एकदा पाहिलं, मग डबा उघडला आणि शांतपणे जेवली. नागपूरला गाडी बदलून पुढे हैदराबादपर्यंत ती झोपली. डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत फिरत होतो तो मी.

कारखान्याच्या फाटकापाशी मी थांबलो. ती बॅग सावरत, तिच्या नेहमीच्या चालीनं आत गेली. मी दिवसभर समोरच्या टपरीवर चहा पीत राहिलो आणि दर वेळी फाटक उघडलं की उठून उभा राहिलो. संध्याकाळी ती बाहेर आली. नाकावर मास्कचा वळ होता, आणि तिला भूक लागली होती. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, थंड आहे आत, छान आहे.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "सर, तुमी जा आता. तुमाले पाहूनच मले टेन्शन येऊन राहिलं."

हसू आलं आणि लागलंही. मी स्टेशनवर आलो आणि तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला. ते वाटच पाहत असावेत, लगेच उचलला.

"रडली काय?"

"नाही काका. मस्त रमली."

"एवढीशी बी नाई?"

मी फोन कानाला लावून फलाटावर चालत होतो. थांबलो.

"रडली," मी म्हणालो. "वरठीले गाडी सुटली तवा. तुमाले पाहून. मंग नाही."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. "राहू द्या तिले तिथंच."