गौरम्माच्या वाफ्यातलं मडकं

माझ्या थोरल्या मावशीचा, रंभाबाईचा, दिवस शेजारणीच्या कुंपणापाशी सुरू व्हायचा. गिरणीचा भोंगा झाला की नवरा कुंडलिक कामावर जायचा आणि ही राखेनं दात घासत शेराच्या झुडपांच्या कुंपणावरून गौरम्माचे वाफे बघत उभी राहायची. मी तिची भाची, तेव्हा तिची बाजू घेणार हे उघड आहे. पण ती जळायची आणि मनापासून जळायची, हे सांगितल्याशिवाय तिची गोष्टच सांगता येत नाही.

एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. सोलापुरात सात रस्त्याच्या पलीकडं तेव्हा घरं विरळ होती आणि घरामागं थोडंफार परस असायचं. मावशी करकंबच्या मळेवाल्याची लेक, खुरपणी करत लहानाची मोठी झालेली. गौरम्मा दुधनीच्या अडत्याच्या घरातली. लग्नाआधी तिच्या हाताला माती लागली नसेल. आणि वांगी लागायची ती गौरम्माला! मावशीच्या झाडांना नुसती पानंच पानं. विहीर दोघींत एकच, त्यामुळं पाण्याला नावं ठेवायचीही सोय नव्हती.

खरी आग लागली ती भोगीला. त्या दिवशी घेवडा, पावटा, गाजर, वांगं, हरभऱ्याचे सोले अशी थंडीतली सगळी भाजी एकत्र करतात. मावशीच्या परसात जे होतं ते किडकं निघालं. ते बघून गौरम्मानं सूपभर भाजी आणून दिली. कुंडलिकानं तीळ लावलेल्या भाकरीबरोबर ती दोनदा मागून घेतली आणि बोलू नये ते बोलला, "गौरम्माच्या वांग्याला लई गोडी हाय की."

मावशी पानावरून उठली. पुढच्या भोगीला त्या घरचा देठसुद्धा घरात येऊ द्यायचं नाही, उलट आपलं सूप तिच्या दारात गेलं पाहिजे, असं तिनं त्याच दिवशी मनाशी धरलं.

पावसाळा सरता सरता ती कामाला लागली. दोडक्याचे वाळके वेल उपटले. हस्ताचा पाऊस उघडल्यावर माती खणून दसऱ्याच्या उन्हात तापू दिली. मग शेणखत घातलं, वाफे बांधले, मेथी विखरून पेरली, गाजर ओळीनं लावलं, घेवड्याला तुराट्यांचा मांडव केला. हाताला घट्टे पडले. कुंडलिक म्हणाला, "बाजारात ढिगानं मिळतंय की गं." त्यावर तिनं त्याच्याशी अबोला धरला.

मेथी वर आली तेव्हा गौरम्माच्या वाफ्यात काठीवर एक काळं मडकं उभं राहिलं. पालथं, आणि त्यावर चुन्याचे दोन मोठे डोळे. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसं. फक्त डोळे नेमके मावशीच्या कुंपणाकडं होते.

"कुणासाटी हो हे, गौरम्मा?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, रंभक्का."

"हिकडनं कोण येतंय-जातंय? मी एकटीच हाय की."

गौरम्मा हसली आणि कळशी घेऊन आत गेली. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यात वाईट म्हणजे मडकं चुकीचं लावलेलं नव्हतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मार्गशीर्षात थंडी पडली, मध्येच आभाळ आलं आणि गौरम्माच्या घेवड्यावर मावा पडला. शेंडे काळवंडले, पानं आखडली, वांग्यांचीही फुलं गळाली. मावशी रोज पहाटे आपल्या वेलांवर चुलीतली राख धुरळत होती, म्हणून तिचा मांडव वाचला. ही राखेची गोष्ट कुंपणापलीकडं सांगावी असं काही तिला वाटलं नाही. लपवायचं कशाला, तिला आनंद झाला. त्या दिवशी घरात शिरा झाला. रंभाबाईची नजर मडक्यालाही जुमानत नाही, असं आळीतल्या बायका कुजबुजल्या. मला वाटतं, तेही तिला थोडं आवडलंच असावं.

भोगीच्या सकाळी तिनं सूप शिगोशीग भरलं, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली आणि स्वतः घेऊन गेली. गौरम्मा परसातच होती. मेलेले वेल तिनं काढून टाकले होते आणि मडकंही काठीवरून उतरवलं होतं. तिनं सूप घेतलं, घेवड्याची एक शेंग मोडून बघितली आणि ते मडकं उचलून मावशीच्या हातात दिलं.

"हे न्या, रंभक्का. तुमच्या मांडवावर लावा. डोळे हिकडं करून लावा, माझ्या घराकडं."

"तुमच्याकडं का?"

"महिनाभर मीच रोज बघतेय की. तुम्ही बघत होता तसंच. शिवा शिवा, लई हेवा वाटला मला!"

काय काय बोलायचं ते मावशीनं घरूनच ठरवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता चालण्यासारखं नव्हतं. ती मडकं घेऊन परत आली. मांडवावर लावताना डोळे कुणीकडं करावेत हे तिला ठरवता येईना, शेवटी तिनं ते आपल्याच मागच्या दाराकडं केले.

दुपारी कुंडलिक जेवायला बसला. ताटात सगळी घरची भाजी. "झाली न्हवं मनासारकी भोगी?" त्यानं विचारलं.

मावशीनं भाकरी त्याच्या ताटात आदळली.

"कशाची मनासारकी? इतकी वरसं जळले मी, पर तोंडातनं कवा निगालं न्हाय. ती महिनाभर जळली आन् हसत बोलून मोकळी झाली. ह्यातबी तीच पुडं!"