चित्रातली आईची जागा

माझा थोरला भाऊ चित्रकार. त्याने लग्न केलं नाही, त्यामुळे खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमधला दहा बाय पंधराचा हॉल त्याचा स्टुडिओ आहे आणि टीव्ही बेडरूममध्ये. तो माणसं काढायचा. माणसं म्हणजे मुख्यतः आई, कारण ती पैसे मागत नसे आणि हलत नसे. दुपारचा चहा झाला की इरकल नेसून ती खिडकीपाशी खुर्चीत बसे. सातारा सोडल्यापासून हीच तिची नोकरी, असं ती शेजारणींनाही सांगायची.

मग दादा कुणाचा तरी फ्लॅट बघायला करंजाड्याला गेला आणि इमारतींसाठी कापलेला डोंगर बघून आला. तेव्हापासून चित्रांत डोंगर वाढू लागला आणि आई आकसू लागली. मला मोजायची सवय आहे. आधी ती दोन तृतीयांश कॅनव्हास व्यापायची. मग पाव, मग अंगठ्याएवढी, शेवटी नुसते रंगाचे पट्टे. दादाच्या मते हा अमूर्ताकडचा प्रवास होता. माझ्या हिशेबात ती नोकरकपात होती.

पण हे आईला सांगायची छाती त्याला झाली नाही. ती बसत राहिली, आणि तो तिच्याकडे डोळे बारीक करून बघत डोंगर काढत राहिला. अर्धी भाजलेली भाकरी आणि अर्धवट चित्र बघू नये, हा आईचाच नियम. पुरं झालेलं चित्र दादा लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. एकदा रंग ओला होता म्हणून चित्र सोफ्याला टेकवलेलंच राहिलं आणि तिने पाहिलं.

"यात मी कुठं हाय रं?"

"आई, आता माणसं नाहीत. माणूस दिसला की लोक गोष्ट शोधत बसतात."

"मग मी रोज लुगडं बदलून बसते ते कुणासाठी? डोंगरासाठी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग त्याने ब्रशच्या दांडीने खाली उजवीकडचा एक तपकिरी डाग दाखवला. "ही तू."

आई वाकली. "बसलीय का उभी?"

"बसलीस."

"एवढीशी?"

"लांबून काढलंय."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर खुर्चीत हजर होती. आता मात्र प्रत्येक चित्राची तपासणी होते. "मागल्या टायमाला यापेक्षा मोठी होते की." डाग वाढत चालला. मी टेप लावून पाहिला: तळहाताएवढा होता, तो आता दीड फूट भरतो.

परवाच्या प्रदर्शनात एक जाणकार गृहस्थ त्या डागासमोर बराच वेळ उभे होते. "तुमच्या अलीकडच्या कामात जमीन जड होत चालली आहे," ते दादाला म्हणाले. दादाने नम्रपणे मान खाली घातली.

शेजारी उभ्या आईने पदर सावरला. "बसून बसून वजन वाढलंय, दुसरं काय!"

गृहस्थ पुन्हा चित्राकडे वळले. दादाने काही दुरुस्ती केली नाही. तो तिच्यासाठी खुर्ची शोधायला गेला.