हलगीच्या पुरस्काराची चौकशी

ती चौकशी आजही आठवते, आणि आठवली की माझ्या संशयी स्वभावाचं मलाच हसू येतं. परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. राज्य शासनाच्या कला पुरस्कारासाठी कुणाचं नाव निघालं, की चारित्र्य पडताळणीचा कागद स्थानिक ठाण्याकडे येतो. त्या वर्षी आमच्या हद्दीतल्या एका हलगीवादकाचं नाव निघालं होतं. सत्तरीचे बौद्ध गृहस्थ, थोडी कोरडवाहू शेती, उभी हयात कलापथकांच्या मंचावर हलगी वाजवण्यात गेलेली. किरकोळ काम म्हणून मी कागद हवालदाराकडे सरकवला.

दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. "त्यो माणूस खोटा हाय. त्याला हलगी येतच न्हाई. पुरस्कार थांबवा." एवढं बोलून माणसानं फोन ठेवला.

निनावी खबरीमागे बहुतेक वेळा भाऊबंदकी असते, नाहीतर पोटदुखी. म्हणून आधी त्यांच्या कलापथकातल्या जुन्या ढोलकीवाल्याला बोलावलं. त्याला कधीच कुठला पुरस्कार मिळाला नव्हता. मी सरळच विचारलं, "फोन तुम्ही केला?"

"मला मिळाया पायजे व्हता, हे खरं हाय साहेब," तो म्हणाला. "पर त्याला हलगी येत न्हाई म्हणलं तर माझी जीभ झडंल."

माणूस जळत होता, पण खोटं बोलत नव्हता. मग मी खुद्द हलगीवाल्या काकांना बोलावून घेतलं. पांढरेशुभ्र कपडे, बसा म्हटल्याशिवाय बसले नाहीत. मी आरोप वाचून दाखवला. निर्दोष माणूस अशा वेळी चिडतो, निदान शपथा तरी घेतो. हे खाली मान घालून म्हणाले, "असंल साहेब. लिवा तुमी तसंच. पुरस्कार ऱ्हाऊ द्या."

"थोडी वाजवून दाखवता?"

"हात चालंना आता."

ते गेल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, कुठंतरी पाणी मुरायलंय." मलाही तेच वाटत होतं. इतक्या सहज दिलेली कबुली माझ्या नोकरीत कधी खरी निघाली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याच कुणाच्या वादनावर हा माणूस नाव कमावत आला की काय, इथवर माझी मजल गेली.

त्यात गावच्या पुढाऱ्याच्या चकरा सुरू झाल्या. रोज येऊन विचारायचा, "अहवाल गेला का?" सत्काराच्या मिरवणुकीच्या परवानगीसाठी त्यानं अर्जही दिला होता. मिरवणूक त्याच्या घरापासून निघून देवळापर्यंत जाणार आणि पुरस्काराचे मानकरी स्वतः पुढे हलगी वाजवत चालणार. काकांचा मुलगा याच पुढाऱ्याच्या शाळेत शिक्षक होता, अजून कायम न झालेला. इतका उत्साह कशापायी, म्हणून मी पुढाऱ्यालाही संशयितांत धरलं.

दरम्यान ज्या नंबरवरून फोन आला, तो शेजारच्या झरी गावातल्या एका चहाच्या हॉटेलवाल्याचा निघाला. मी स्वतः गेलो. हॉटेलवाला आधी घाबरला, मग मोकळा झाला.

"एक म्हातारा आलता साहेब. फोन मागून घेतला अन् लय वेळ नुसताच हातात धरून बसला. दुसऱ्या हाताच्या बोटांनी टेबल वाजवायला लागला."

"मग? रागावलात का?"

"रागवू कशाला? कप थंड झाले, पर ऐकणारं गिऱ्हाईक उठंना."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. हलगी येत नाही अशी खबर देणाऱ्याच्याच बोटांत हलगी होती.

तसाच साध्या कपड्यांत काकांच्या घरी गेलो. ते एकटेच होते. मी म्हणालो, "काका, स्वतःविरुद्धच खबर देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग बोलले. "वडलांनी दीक्षा घेतली अन् त्याच दिशी वतनाची हलगी टाकली. पाटलाच्या दारात वाजवायची, लोकाच्या मयतीपुढं वाजवत चालायचं, अन् शिळे तुकडे घिऊन घरी यायचं. मी मोठा झालो तवा मला म्हणले, कला हाय तर वाजव, पर कुणाच्या दारात न्हाई. मी मंचावरच वाजवली साहेब, सारी जिंदगी. आता पुढारी म्हणत्यात, माझ्या दारापासून वाजवत चला. न्हाई म्हणावं तर पोराची नोकरी त्यांच्या हातात. म्हणलं, पुरस्कारच गेला तर मिरवणूक कशाची निघंल?"

मला गलबलून आलं, आणि संतापही आला. बापाला दिलेला शब्द राखण्यासाठी हा माणूस जन्मभराच्या कमाईवर स्वतःच बोळा फिरवायला निघाला होता.

त्याच दिवशी मी अहवाल पाठवला. वर्तन उत्तम, खबरीत तथ्य नाही. मग पुढाऱ्याला बोलावलं.

"परवानगी देतो," मी म्हणालो. "मानकरी जीपमध्ये बसतील. पुढं हलगी वाजवत चालायला तुमच्या घरातलं एक नाव अर्जात लिहून द्या."

तो हसला. मी हसलो नाही.

"आमच्या घरात कुणी वाजवत न्हाई, साहेब."

"का?"

 त्यानं अर्ज तेवढा परत मागितला. तो निघताना मी त्याला सांगितलं, की त्या शिक्षकाच्या नोकरीची मला अधूनमधून आठवण येत राहील. पुढे तो मुलगा कायम झाला.

पुढारी वाईट माणूस नव्हता. आपण म्हाताऱ्याचा मोठा मान करतोय, असंच त्याला मनापासून वाटत होतं, आणि गावात एकालाही त्यात काही खटकलं नव्हतं. मी पोलीस खात्यातला, पण अर्ज वाचून मलाही तो उत्साहच वाटला होता. कपट असतं तर मला आधी वास आला असता.

काकांनी पुरस्कार घेतला. मंचावर त्यांना वाजवण्याची विनंती झाली आणि त्यांनी वाजवली. सभागृह उठून उभं राहिलं, असं ढोलकीवाल्यानं मला येऊन सांगितलं. तो सोबत गेला होता.

निवृत्तीनंतर मलाही गावोगावच्या सत्कारांना अध्यक्ष म्हणून बोलावतात. निमंत्रण घेऊन कुणी आलं की मी एवढंच विचारतो, "त्या दिवशी बसणार कोण, आणि चालणार कोण?"