घोडा, दाऊदभाई, घोडा!

आमच्या शूटिंग क्लबात दर शुक्रवारी झाडू मारायचं काम आळीपाळीनं असायचं. कितीही झाडा, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कुठून तरी निघायच्याच! कुणाच्या चपलेत, कुणाच्या टिफिनमध्ये. किश्शांचंही तसंच. बहारीनचे दिवस संपून इतकी वर्षं झाली, पण एक सांगायला घ्यावा तर चार खाली सांडतात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ऑफिसात सेक्रेटरी, आमचे हे, म्हणजे मिलिंद, वर्कशॉपमध्ये टेक्निशियन, आणि स्टोअरकीपर दाऊदभाई दापोलीचे. तिघांना एकच वेड, ते म्हणजे जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर!

हे जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे मानी प्राणी. नुसता चाप ओढून उडत नाही. प्रत्येक गोळीआधी अंगठ्यानं मागचा घोडा ओढायचा, मग चाप. विसरलात तर चाप ओढून बोट दुखलं तरी ते ढिम्म!

आणि दाऊदभाई नेमके तेच विसरायचे. डोळा बारीक, श्वास रोखलेला, चाप ओढतायत, ओढतायत... काही नाही. मग वळून, मशीन बंद पडलं असं तिकडच्या मोडक्या अरबीत जाहीर करायचे, "खलास! मशीन मफी!"

मागून आम्ही सगळे ओरडायचो, "घोडा, दाऊदभाई, घोडा!"

एकदा ते वैतागून म्हणाले, "वयनी, आमच्या आजोबांचा टांगा होता. पण घोड्यानं इतका छळ त्यांचा पण नाय केला!"

*

खरी मजा गोळ्या उडवण्यापेक्षा काडतुसं भरण्यात होती. क्लबच्याच टेबलावर, क्लबच्याच काडतुसं भरायच्या हातयंत्रावर, रिकाम्या पुंगळ्या धुऊन पुन्हा भरायच्या. मिलिंद काटेकोर माणूस. वजनकाट्याशी असा बसायचा की पंखा बंद करायला लावायचा, आणि बाहेर बेचाळीस डिग्री!

दाऊदभाईंचा ध्यास वेगळाच. त्यांना मऊ काडतूस हवं होतं. "गोळी सुटली हे हाताला कळता कामा नये," म्हणायचे. पुस्तकात कमीत कमी जेवढी बारूद लिहिली असेल तेवढीच भरायचे.

आता आमचं निशाण म्हणजे पाच लोखंडी थाळ्या ओळीनं उभ्या. थाळी पाडायची. दाऊदभाईंची गोळी बरोबर मध्यभागी लागायची, टण्ण आवाज यायचा, थाळी जरा डुलायची आणि पुन्हा सरळ उभी!

"हिट, सर!" दाऊदभाई ओरडायचे.

"नो फॉल, नो हिट," आमचे रेंज ऑफिसर हॉवर्डसाहेब शांतपणे म्हणायचे.

मिलिंद म्हणायचा, "दाऊदभाई, तुमची गोळी जाऊन थाळीला सलाम करून येते!" पण विकतची काडतुसं घ्या म्हटलं की भाई उखडायचे. "मेल्या, आपल्या हातचं ते आपल्या हातचं!"

*

पुंगळ्या धुवायचं खातंही भाईंकडेच. त्यांच्या पुंगळ्या सोन्यासारख्या चमकायच्या. हॉवर्डसाहेब एक उचलून उन्हात धरून बघत राहिले. "दाऊद, कुठलं केमिकल वापरतोस?"

भाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "सिक्रेट, सर. स्पेशल केमिकल. फ्रॉम रत्नागिरी."

घरून येणाऱ्या कोकमांचं पाणी होतं हो ते!

*

हॉवर्डसाहेब जुने लष्करी गृहस्थ, जनाबियाला राहायचे. नियम म्हणजे नियम! रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवण्याआधी ते स्वतः उघडून तपासणार, आतली पुंगळी न् पुंगळी काढणार, आणि मगच "क्लिअर!" म्हणणार. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे शेजारच्याच्या थाळीवर गोळी झाडणं. तो करणाऱ्याला दोन महिने क्लब बंद.

एकदा हा गुन्हा केला त्यांच्याच बायकोनं! चुकून झाला बिचारीकडून. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला दोन महिने बाहेर काढलं. "रूल इज रूल, मार्गारेट."

मार्गारेटबाईही काही कमी नव्हत्या. त्यांनी साहेबांना दोन महिने स्वयंपाकघरातून बाहेर काढलं!

मग काय, साहेब शुक्रवारी जेवायला हमद टाउनला आमच्याकडे. मी मटण केलं, भात केला, आणि भाईंनीच दिलेल्या कोकमांची सोलकढी. साहेबांनी दोन ग्लास प्यायली, तिसरा मागितला. "ब्यूटिफुल! काय आहे हे?"

दाऊदभाई आनंदानं म्हणाले, "सेम केमिकल, सर!"

साहेबांचा ग्लास ओठांपाशी थांबला, तो काही केल्या पुढे जाईना.

*

आता हा शेवटचा, माझा लाडका.

क्लबात भिंतीवर एक फळा होता. एका फेरीत पाचही थाळ्या पाडल्या की त्यावर नाव रंगवायचे. मिलिंदचं होतं, माझंसुद्धा होतं. दाऊदभाईंचं नव्हतं. चारच्या पुढे त्यांची गाडी कधी गेलीच नाही.

आणि भाईंचा व्हिसा कॅन्सल व्हायची वेळ आली. कायमचे दापोलीला चालले होते. त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वयनी, एक घोळ झालाय. फळ्यावर आपलं नाव आहे असं मी घरवालीला कधीच सांगून बसलोय. तिनं अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलंय. आता म्हणते, येताना फोटो घेऊन या!"

मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. मी गुपचूप मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "अरे बापरे," आणि चष्मा पुसायला लागला.

शेवटची फेरी. भाई एका लेनमध्ये, शेजारच्या लेनमध्ये मिलिंद, मागे हॉवर्डसाहेब. सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ. भाईंची काडतुसं अर्थातच स्वतःची, तीच मऊ. पहिली थाळी पडली. दुसरी पडली. तिसरी डुलली, डुलली... आणि पडली! चौथीही पडली! आम्ही क्लबातल्या बायका मागे एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या.

पाचवी. भाईंनी नेम धरला. त्यांचा अंगठा काही वर गेला नाही. घोडा ओढलेलाच नाही! नेहमीसारखं ओरडायला मी तोंड उघडलं, भाईंनी चाप दाबला...

धाड!

भाईंची पाचवी थाळी अशी उताणी पडली की धुरळा उडाला!

नुसता कल्ला! कुणी भाईंना उचललं, कुणी शिट्ट्या मारल्या. भाई रडतायत, हसतायत, "अल्ला, अल्ला" म्हणतायत. त्यांच्या हातातलं रिव्हॉल्व्हर हॉवर्डसाहेबांनी केव्हाच काढून घेतलं होतं. मी टेबलाशेजारीच उभी होते. साहेबांनी ते उघडलं. एक, दोन, तीन, चार रिकाम्या पुंगळ्या पडल्या. मग पाचवं काडतूस. अख्खं. चकचकीत. शिशाची गोळी जागच्या जागी!

साहेबांनी ते उन्हात धरलं. मग मिलिंदच्या लेनकडे पाहिलं. त्याच्या चार थाळ्या आडव्या आणि पाचवी ताठ उभी. मिलिंद, क्लबातला सगळ्यात पक्का नेमबाज, खाली मान घालून चष्मा पुसत होता.

साहेबांनी काडतूस खिशात टाकलं.

"क्लिअर!" ते म्हणाले. "कुणीतरी रंग आणा."

नाव रंगवलं, फोटो झाला. एअरपोर्टवर सोडायला आम्ही दोघं गेलो. आत जाता जाता भाई मागे फिरले, मिलिंदचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले,

"त्या शेवटच्या गोळीला हाताला जरासुद्धा धक्का बसला नाय रे! इतकं मऊ काडतूस तुला जन्मात जमायचं नाय!"