घाम बाहेर फेकणारं कापड

जानेवारीचा दुसरा रविवार. दुपारचं काम : एक पांढरा टी-शर्ट भिजत घालणे. सकाळपर्यंत तो पांढरा होता.

झालं असं, की आमच्या जालन्यात महिलांची दौड निघणार होती आणि मी त्यात नाव दिलं होतं. कोणी आग्रह केला नव्हता. नवऱ्याने फक्त हसून विचारलं होतं, "तू? आणि पळणार? अगं, परवा घंटागाडी निघून गेली तर कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाहीस तिच्या मागे!"

"पैज लावता?"

"लाव. शेवटपर्यंत पळालीस तर वर्षभर नळाचं पाणी मी भरीन."

ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही. आमचा नळ आठवड्याने येतो, तोही पहाटे, तोही त्याची लहर असेल तर. मोटर लावा, पाइप धरा, हौद, पिंप, गच्चीवरची टाकी, मग हंडे, मग घरातलं दिसेल ते पातेलं. लग्न झाल्यापासून हे खातं माझ्याकडे आहे. (यांना गार पाइप सोसत नाही म्हणे!) वर्षभर पहाटेची झोप! त्यासाठी मी पळतच काय, उडतसुद्धा गेले असते.

प्रश्न एकच होता. घालायचं काय?

गच्चीवर सराव सुरू केला. साडी नेसून पळाले. निऱ्या पायात, मी कुंडीत. पंजाबी ड्रेस घालून पळाले. सलवारीत एवढी हवा भरली की मी पुढे जाते आहे की वर, तेच कळेना. ओढणी डिशच्या छत्रीत अडकली आणि खालून सासूबाई ओरडल्या, "काय करून राह्यली गं वर? माझी सिरियल गेली ना!" शेवटी भाचीची लेगिंग मागून आणली आणि घालून सासूबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"मंग, वरून काई घालणार का न्हाई? का नुसते पायच रंगवले?"

लेगिंग परत गेली.

मग मी शबानाभाभींना गाठलं. त्या आमच्या शेजारी, शिवणकाम करतात आणि माझ्या नादाने त्यांनीही दौडीत नाव दिलं होतं. त्या म्हणाल्या, "भाभी, जल्दी नका करू. पळायचा कपडा बिलकुल टाइट नको, बिलकुल ढिला नको. आन् जेब पायजेच. न्हाई तर घराची किल्ली कुठं ठेवता?"

मी सवयीने ब्लाउजकडे बोट दाखवलं.

"पळताना?" त्यांनी एवढंच विचारलं.

आम्ही दोघींनी क्षणभर ते दृश्य डोळ्यांसमोर आणलं आणि ताबडतोब बाजारात निघालो.

दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा निघाला. (आपण आतले कपडे घ्यायला गेलो की दुकानदार नवऱ्याच्याच ओळखीचा निघतो.) मी आजूबाजूला बघून हळूच काय हवं ते सांगितलं. त्याने माळ्याकडे तोंड केलं आणि आरोळी ठोकली, "वहिनींसाठी पळायचा आतला माल टाका खाली! मोठ्या साइजमधला!" वरून खोकी कोसळायला लागली. रस्त्यावरचा पेरूवाला गाडा थांबवून बघत राहिला.

भाभींचं म्हणणं असं, की असला कपडा आरशात बघून घेऊ नये, उड्या मारून घ्यावा. कपडे बदलायची खोली म्हणजे कोपऱ्यात लावलेला एक पडदा आणि खाली फळ्या. मी पडद्याआड उड्या मारल्या. फळ्या धाडधाड वाजल्या.

"वहिनी, उंदीर निघाला का?" दुकानदाराने बाहेरून विचारलं.

"नाही हो! हाच द्या!"

पॅन्ट काळी घेतली, सैलसर, इलॅस्टिकची आणि वर नाडीचीही. (इलॅस्टिकच्या शब्दावर मी घराबाहेर पडत नाही.) भाभी तिला घरी चेनचा खिसा लावून देणार होत्या. राहिला टी-शर्ट. मी म्हटलं, सुती दाखवा. कापसाच्या मुलखात राहून दुसरं काही अंगाला लावायचंच कशाला?

"वहिनी, सुती घाम पिऊन बसतं. मग ओली गोधडी पांघरून पळा! हे बघा." त्याने एक पातळ, पांढराशुभ्र शर्ट पुढे केला. "हे कापड घाम ठेवतच नाही. आतलं सगळं बाहेर फेकतं."

मला पटलं. पांढरा रंग उन्हात गार, पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्यालाही दिसेल, शिवाय लांबीला ऐसपैस. इतकी विचारपूर्वक खरेदी मी लग्नातसुद्धा केली नव्हती.

दौडीच्या दिवशी अंघोळ करून आले तर सासूबाई टी-शर्ट हातात घेऊन देवघरातून बाहेर येत होत्या. "घाल आता. बराबर केलंय." मला वाटलं, घडी मोडून दिली. उशीर झाला होता, तसाच अडकवला आणि पळाले.

आणि खरंच पळाले हो! किल्ली खिशात, नाडी जागच्या जागी, काही हिंदकळत नाही, काही सुटत नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. घामाच्या धारा लागल्या, पण अंग कोरडंच्या कोरडं! दुकानदाराला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. शबानाभाभी मागे पडल्या. कॉलेजच्या पोरी मागे पडल्या. मग मागून हाका यायला लागल्या.

"काकू! ओ काकू, थांबा!"

म्हटलं, जळा! माझा वेग बघवत नाही यांना. मी आणखी जोरात पळाले.

"काकू, अहो तुमच्या पाठीला...!"

आणखी जोरात. समोर शेवटची कमान दिसायला लागली होती. कमानीखाली नवरा आणि सासूबाई उभ्या होत्या. नवऱ्याचा चेहरा उतरलेला होता आणि मला त्या चेहऱ्यात पहाटेची झोप दिसत होती. तेवढ्यात एक धिप्पाड महिला पोलीस माझ्या बरोबरीने धावायला लागली.

"ताई, थांबा! पाठीतून रक्त चाललंय तुमच्या!"

मी हात मागे नेला. बोटं लाल! आणि खरं सांगते, त्या क्षणी मला दुखायलाही लागलं. खांद्यातून निघालेली कळ थेट कमरेत गेली आणि मी मटकन खाली बसले. मागे बातमी पळत सुटली. पहिल्या बाईपर्यंत मला खिळा लागला होता, दहावीपर्यंत कुत्रं चावलं होतं, आणि शबानाभाभींपर्यंत पोचेतो मला बैलाने उडवलं होतं. "या अल्ला! बैल आला कुठून?" असं ओरडत त्या आल्या.

मला ॲम्ब्युलन्समध्ये पालथं घातलं. रस्ता एकच, कमानीखालून जाणारा. तेव्हा शेवटची रेघ मी ओलांडली खरी, पण डोळे मिटून, पालथी पडून. माइकवाली गहिवरली. "जखमी होऊनसुद्धा मागे न हटलेल्या या भगिनीसाठी जोरदार टाळ्या!" गाडी थांबली, मागचं दार उघडलं आणि कोणीतरी माझ्या गळ्यात मेडल अडकवलं. पाठोपाठ नवरा आत चढला, रडवेला.

"अगं, डोळे उघड! पाणी मी भरतो! वर्षभर कशाला, जन्मभर भरतो! तुझी शपथ!"

मी डोळे उघडणारच होते. पण म्हटलं, थांबावं. अजून काय काय कबूल करतात ते बघावं.

नर्सबाईंनी शर्ट वर केला, कापसाने पाठ पुसली, पुन्हा पुसली, मग कापूस नाकाशी नेला.

"जखम कुठाय? हे तर कुंकू आहे!"

दारात उभ्या असलेल्या सासूबाई तडकल्या, "मंग? नवं कापड तसंच घालू देऊ का? हळदकुंकवाबिगर आमच्या घरात पायपुसणं बी वापरत न्हाईत! त्याला ना पदर ना काठ. लोकांत जायचं, डाग दिसू नये म्हून मुद्दाम उलटं करून आतून लावलं. मोठं काम होतं म्हून चांगलं पाची बोटांनी लावलं!"

आणि ज्या कापडाने आतलं सगळं बाहेर फेकायचं वचन दिलं होतं, त्याने ते पाळलं होतं.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. रंगापाठोपाठ बुद्धीही आली.

"म्हणजे तुला काहीच झालं नाही?"

"नाही."

"म्हणजे शेवटी पळाली ती गाडी!"

"अहो, पण शपथ घेतलीत ना!"

"ती मरणाऱ्या बायकोची घेतली होती. ती कुठाय?"

मी मेडल दाखवलं. ते म्हणाले, "ते ड्रायव्हरला दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. हे घोरत होते. मी उठले, काळी पॅन्ट चढवली, आता कायमचा गुलाबी झालेला टी-शर्ट अडकवला आणि पाइप उचलला. काय सांगू! निऱ्या खोचायच्या नाहीत, काठ भिजत नाही, अंगावर पाणी उडालं तरी लगेच वाळतं, गच्चीची किल्ली चेनच्या खिशात. हौद ते गच्ची, गच्ची ते हौद, मी कुठेही न थांबता पळत होते. भिंतीपलीकडून शबानाभाभी बघत राहिल्या.

"भाभी, असं कालच पळायचं होतं ना!"

गल्लीतल्या बायका हंडे खाली ठेवून विचारायला आल्या, कुठून घेतलं? मी दुकान सांगितलं, साइज सांगितला, उड्या मारून बघायलाही सांगितलं. सासूबाईंनी हळदकुंकवाचं सांगितलं. चौघींनी तर त्याच सकाळी ठरवलं, असाच जोड आणायचा आणि भाभींकडून खिसा लावून घ्यायचा. पळायला नाही, पाणी भरायला.

तेव्हा मला कळलं, की इतका विचार करून, बाजार पालथा घालून, पडद्याआड उड्या मारून मी कपडे अगदी अचूक निवडले होते. फक्त पैज जिंकायचे नव्हते ते, हरायचे होते.