हौश्यावर घातलेला आळ

हे मी आजवर कुणापुढं उघडं केलेलं नाही. बायकोपुढं नाही, भावापुढं नाही. देवळात गेलो तरी देवाला दुसरंच काहीतरी सांगून आलो. तुम्हाला सांगतो. का सांगतो, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या भागात माझ्या पथ्याचं मोठं नाव आहे. इंदापूरपासून बारामतीपर्यंत पै-पाहुण्यात कुणाचा अंगठा सुजला, रक्तात युरिक ॲसिड निघालं, की त्याला माझ्याकडं धाडतात. मी शाळेत चार बुकंही धड शिकलो नाही, पण हे तोंडपाठ आहे. तांब्या हाताशी ठेवा, दिवसभर पाणी पीत राहा. मटण बंद, कलेजी-वजडीचं तर नाव काढू नका. दारू सोडा — बिअर ही पण दारूच. रसवंतीवर बसून रस ढोसू नका, आपल्याच उसाचा असला तरी. सकाळी कालव्याच्या कडेनं चाला, पोट उतरवा. आणि दुखायचं थांबलं म्हणून डॉक्टरची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. लोक म्हणतात, आबांचा निश्चय म्हणजे लोखंड. मी मिशीवर हात फिरवतो. हा निश्चय आला कुठून, ते कुणी विचारत नाही — आणि मी तरी कशाला सांगतोय?

आमच्याकडं हौश्या नावाचा खिलार बैल होता. त्याची आई व्याल्यावर लगेच मेली. माझ्या बायकोनं, शेवंतानं, त्याला शेळीच्या दुधावर जगवला. वाटीत बोट बुडवायची आणि त्याला चोखायला द्यायची. पुढं शिंगं आभाळाला भिडली, तरी ती गोठ्यात आली की हा तिचा पदर हुंगायचा. ज्वारीच्या पेरणीला पाभर धरली की त्याला हाक द्यावी लागत नसे, तास संपला की आपला आपण वळायचा. पहाटेचा गारठा, ओल्या मातीचा वास, त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि लांबून बांधावरून भाकरी घेऊन येणारी शेवंता... आता ट्रॅक्टर येतो, घडीभरात रान उलथून जातो. सोय झाली, नाही कोण म्हणतो? पण तसली सकाळ पुन्हा नाही दिसली.

मला खाण्यापिण्याचा नाद. शिवारात कुठं बोकड पडलं की मी हजर. शेवंता कावली होती. त्या साली बेंदराला, बैल रंगवून-सजवून उभे असताना, तिनं मला हौश्याच्या पाठीवर हात ठेवायला लावला आणि ह्याची आण घ्या म्हणाली. चारचौघांदेखत घेतली मी. दारू नाही, मटण नाही. मोठ्या रुबाबात घेतली.

आणि मग आखाड सरत आला. श्रावण लागायच्या आधी गडीमाणसं रानात चूल मांडून बोकड शिजवतात, बायामाणसं घरी — आमच्याकडं हीच रीत. उसाला पाणी धरायला जातो असं सांगून मी गेलो. कलेजी तव्यावरच संपवली. रस्सा भुरकला, बाटली फिरली. काय गप्पा रंगल्या होत्या. त्यातले किती जण आता नाहीत. चव मात्र अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू?

उजाडता उजाडता पायाचा अंगठा पेटला. लालभडक, तट्ट फुगलेला, गोधडीचा काठ लागला तरी जीव जावा असा. लंगडत गोठ्यापर्यंत आलो आणि दावणीपाशी खाली बसलो तो बसलोच. शेवंता धारेला आली. तिनं बघितलं — मी खाली, आणि शेजारी हौश्या उभा.

"अवं, पाय दिला का काय ह्यानं?"

मला काही रचावं सुद्धा लागलं नाही. मी म्हणालो, "व्हय."

तिनं त्या बैलाला जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. त्या सकाळी तिनं त्याच्या तोंडावर चापट मारली. "मालकाच्या पायावर पाय देतूस व्हय रं? ह्याच्यासाठी जगवला तुला?" त्यानं मान खाली घातली. मी बघत बसलो.

एवढ्यावर राहिलं असतं तर? नाही राहिलं. माझे थोरले भाऊ, तात्या, म्हणाले, बैल मारका निघाला, दारात लेकरं खेळतात, विकून टाका. घरात तसं ठरलं. बाजाराला अजून अवकाश होता. तेवढ्यात मी एकटाच बारामतीला डॉक्टरकडं जाऊन आलो. डॉक्टरनं हाड बघितलं, रक्त तपासलं आणि सांगितलं की मार लागलेला नाही, हा गाऊट आहे, खाण्यापिण्यानं भडकलाय. गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं.

म्हणजे — कळलं होतं मला. नावानिशी कळलं होतं. आणि कळल्यावरही मी घरी येऊन गप्प बसलो, आणि बाजाराच्या दिवशी हौश्याला माझ्या हातानं टेम्पोत चढवला. तो चढायला कुरकुरला नाही. कासरा माझ्या हातात होता ना, म्हणून.

मारका म्हटल्यावर कोण शेतकरी घेतो? व्यापाऱ्यानं घेतला. तो कुठं नेणार, हे मला माहीत नव्हतं का? होतं. निघताना शेवंतानं त्याला हळद-कुंकू लावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "माझ्या लाडानं बिघडला त्यो. तुमच्या पायाला माझ्यापायी झालं." माझी माफी मागितली तिनं. मी ती घेतली.

पुढं बरं वाटलं म्हणून गोळी सोडली, तोंडही सैल सोडलं. पुन्हा अंगठा सुजला. गोठ्यात तर बैल नव्हता. मग? जुना मार उमळलाय, म्हणालो. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मेलेल्या — मेलेलाच असणार तो — जनावरावर मी दर खेपेला नवा आळ घालत गेलो. तेव्हा कुठं पथ्य धरलं. अंगठा ठणकला की तिच्यापुढं हौश्याचं नाव घ्यावं लागतं. ते घ्यावं लागू नये म्हणून मी पाणी पितो, म्हणून चालतो. लोखंड-बिखंड काही नाही. शेवंता थट्टेनं म्हणते, बैलानं पाय मोडला पर नवरा वळणावर आणला. सगळे हसतात. मीही हसतो.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा तिचे गुडघे दाखवायचे म्हणून तीही बरोबर होती. डॉक्टर नवीन, तरणी पोरगी. तिनं विचारलं, आजोबा, दुखणं पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा काय झालं होतं? दार लावलेलं, आत आम्ही तिघंच. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. शेवंता आधी बोलली.

"माझ्या बैलानं पाय दिला हुता, बाई. पर लई गुणाचा हुता त्यो. त्याला बोल लावू नगा."

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. मी तोंड मिटलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून शेवंता हौश्याचंच सांगत होती. लहानपणी थंडीत तो घरात शिरायचा, चुलीच्या उबेला तिच्या मांडीवर मान टाकून झोपायचा. आमचा फाटा येईपर्यंत सांगत होती. मी हुंकार देत होतो.