सातव्या क्रमांकावर

हे मी सुनंदालाही कधी सांगितलेलं नाही. सुनंदा माझी बायको; तिच्यापासून माझ्या रक्तातली साखरसुद्धा लपत नाही. पण हे लपलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मुक्ताला ओळखत नाही.

मुक्ता आमची मुलगी. साताऱ्याहून माझी बदली इथे चेन्नईला झाली तेव्हा दोन वर्षांची होती. वेस्ट मांबलमच्या याच फ्लॅटमध्ये वाढली. सुट्टीत गावी गेलो की माझ्या भावाच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या साफ करत बसायची. बारावीनंतर तिला कोइम्बतूरला कृषी अभियांत्रिकी शिकायचं होतं. ही हौस होती, हट्ट होता की तिला खरंच कळत होतं? — कळत होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं.

इथे इंजिनिअरिंगचे प्रवेश ऑनलाइन होतात. कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची, मुदत संपली की यादी लॉक. मग तुमच्या कटऑफला, म्हणजे गुणांना, वरून पहिलं जे बसेल ते तुमचं. म्हणजे क्रम हेच सगळं. मुक्ताने पहिल्या क्रमांकावर कोइम्बतूर टाकलं. पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत होता — आणि ओटीपी माझ्या फोनवर यायचा.

मी तिला नको म्हणू शकलो असतो. पण ती वाद घालायची, आणि वादात जिंकायची. माझ्याकडे मुद्दे तरी काय होते? एकुलती एक मुलगी लांब जाईल. ऑफिसात सगळ्यांच्या मुलांनी कॉम्प्युटर घेतलेलं. मोठ्याने बोललो असतो तर मलाच लाज वाटली असती, एवढेच मुद्दे.

शेवटच्या दिवशी, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मी डबा न उघडता यादी उघडली. घरून बसने जाता येईल अशा कॉलेजातलं कॉम्प्युटर पहिल्यावर नेलं. कोइम्बतूर सातव्यावर. मग डबा खाल्ला. भेंडी होती.

निकालही मीच उघडला. घरी आणलं ते फक्त कॉलेजचं नाव छापलेलं पत्र. तिने ते दोनदा वाचलं.

“बाबा, थोडक्यात हुकलं असणार ना?”

“हो गं. अगदी थोडक्यात.”

पुढे कोणत्या कॉलेजची यादी किती गुणांवर थांबली, ते जाहीर झालं. ती बघायला निघाली, तर मी म्हणालो, आता ते बघून काय मिळणार? — आणि एकटाच बघितलं. कोइम्बतूरच्या यादीत तिचे गुण आरामात बसत होते.

आज ती चांगल्या कंपनीत आहे. तक्रार करत नाही. तक्रार केली असती तर — पण नाही, ते सोडा.

गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधली वैष्णवी तिची यादी घेऊन आमच्याकडे आली होती. तिला समुद्रावरची जहाजं बांधायला शिकायचंय. तेच पहिल्यावर टाकलेलं. दोघी तमिळमध्ये बोलत होत्या, मी बाजूला पेपर धरून बसलो होतो.

“पहिल्यावर झेपेल तेच टाक गं,” मुक्ता तिला सांगत होती. “मीही उडी मारायला गेले होते. तेवढी हुशार नव्हते, ते त्या दिवशी कळलं.”

“अक्का, तुम्ही? हुशार नाही?” वैष्णवी हसली.

“विचार बाबांना. यांनीच समजूत काढली माझी.”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. स्वप्न पहिल्यावर टाकल्याने काही बिघडत नाही — न मिळालं तर दुसरं मिळतंच — आणि मुक्ता हुशारीत कुठेच कमी पडली नव्हती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी मान डोलावली.

वैष्णवीने पेन्सिलने जहाजांवर काट मारली आणि ती ओळ खाली लिहिली. कितव्या क्रमांकावर, ते मी बघितलं नाही. यादी लॉक व्हायला तेव्हा अजून दोन दिवस होते. ते दोन्ही दिवस मी घरीच होतो.